तुरुंगाची झडती कोणी घ्यावी?

तुरुंगाच्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक कैद्याची झडती घेतली जाते. त्याचे खिसे उलटे केले जातात, अंगावरच्या वस्तूंची यादी होते, आणि मगच त्याला आत सोडतात. ही झडती योग्यच आहे. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या तुरुंगात त्याला कोंडावयाचे, त्या तुरुंगाची झडती कोणी, केव्हा व कशी घ्यावी, हा प्रश्न आपल्या समाजात सहसा कोणी विचारीत नाही. 'तुरुंगाचे तुरुंगवाले पाहून घेतील,' असे म्हणून आपण मोकळे होतो. ही वृत्ती न्यायाच्या दृष्टीने चुकीची, व्यवहाराच्या दृष्टीने धोक्याची व नागरिकत्वाच्या दृष्टीने लाजिरवाणी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच हा विषय आज आम्ही देवपूर व धुळे येथील वाचकांपुढे मुद्दाम मांडीत आहो.

धुळेकरांस हा विषय परका नाही. देवपुरातला मनुष्य कामानिमित्त पांझरा ओलांडून शहरात आला, म्हणजे जेलरोड हा त्याच्या नेहमीच्या पायाखालचा रस्ता. मोर्चे त्या रस्त्यावर येतात, धरणी तेथे धरली जातात, आणि ज्याला सरकारविरुद्ध गाऱ्हाणे सांगावयाचे तो तेथे उभा राहून ते मोठ्याने सांगतो. ही सोय भिंतीबाहेरच्या माणसाला आहे. भिंतीच्या आत जो आहे त्याने मोठ्याने बोलावे तर ते शिस्तभंगात जमा होते, आणि हळू बोलावे तर ते कोणास ऐकू येत नाही.

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले आहे, ते १९३२ सालामुळे. त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती जागच्या जागी उतरून घेतली. या गोष्टीचा आपणांस अभिमान वाटतो व तो वाटावयासच पाहिजे. परंतु त्या अभिमानाच्या भरात एक साधी गोष्ट नजरेआड होते. त्या तुरुंगात त्या वेळी लेखणी धरणारा एक कैदी होता व बाहेर ते लिखाण वाचण्यास उत्सुक असा समाज होता, म्हणून ते रविवार जगास कळले. त्याच्या पन्नास वर्षे अगोदर, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात आगरकर व टिळक हे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. तेथील १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तक लिहून सांगितली, तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्रास तुरुंगातले जिणे प्रथम नीट समजले. अंदमानातील कोठड्या व कोलू आपणांस ठाऊक आहेत, तेही सावरकरांनी लिहिले म्हणूनच.

थोडक्यात, आपल्या तुरुंगांविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते बव्हंशी लेखणीवाल्या कैद्यांच्या कृपेने. पण तुरुंगात पिढ्यान्‌पिढ्या जो भरणा असतो तो पंडितांचा नव्हे. भांडणात सापडलेला मजूर, चोरीच्या संशयाने धरलेला भटका, जामिनाचे पैसे उभे करू न शकणारा शेतगडी, दारूच्या पायी संसार उधळलेला कारागीर, हे तेथील खरे रहिवासी होत. हे लोक ग्रंथ लिहीत नाहीत. त्यांच्या वतीने पाहणारा व लिहिणारा बाहेरूनच आत गेला पाहिजे. दुसरा इलाज नाही.

'गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला?' असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे पहिले उत्तर आकड्यांचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ५,४९,३५१ पुरुष होते. जागा होती ४,३६,२६६ जणांची. म्हणजे जेथे शंभरांनी राहावयाचे तेथे एकशे एकतीस माणसे राहत होती. या साऱ्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तिघे, कच्चे कैदी होते. त्यांच्यावर आरोप होता. गुन्हा शाबीत झाला नव्हता. ज्याला आपण सरसकट 'गुन्हेगार' म्हणतो, त्या गर्दीतल्या बहुसंख्य माणसांस कायदा अजून निर्दोष समजतो, ही गोष्ट विसरून या विषयावर बोलताच येणार नाही.

दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्यालाही न्यायाधीशाने दिलेली शिक्षा स्वातंत्र्य हिरावण्याची असते. मार खाण्याची, सडके अन्न गिळण्याची, आजारात औषधावाचून पडून राहण्याची किंवा बराकीतील दांडग्याची चाकरी करण्याची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने त्याला दिलेली नसते. असे काही घडले तर ती शिक्षा कोणी दिली? तिच्याविरुद्ध अपील कोठे करावयाचे? निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा जो देतो तो न्यायाधीशाच्या अधिकारावर अतिक्रमण करतो, मग तो गणवेशातला असो वा त्याच बराकीतला दुसरा कैदी असो.

आणि गर्दी झाली म्हणजे हे प्रकार घडावयास कोणी मुद्दाम दुष्ट असावे लागत नाही. शंभरांच्या बराकीत दीडशे माणसे निजू लागली की निजण्याच्या जागेला किंमत येते. पाणी पुरेनासे झाले की पाण्याला किंमत येते. एका शिपायाने तिघांचे काम करावयाचे ठरले की तो आपले काम बराकीतल्या धटिंगणांवर सोपवितो, आणि मग रात्री आत राज्य कोणाचे हे विचारावयास नको. खरूज, क्षय यांसारखे रोग अशा दाटीत वाट शोधीत बसत नाहीत. आणि कैदी सुटून घरी गेला म्हणजे ते त्याच्याबरोबर गावात येतात. कागदावर शिधा पुरा, औषध पुरे, हजेरी पुरी. ताटात, खाटेवर व अंगावर काय आहे ते मात्र डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळत नाही.

कायद्याने याची वाट दाखविलेली नाही असे मुळीच नाही. परक्या सरकारने केलेल्या १८९४ सालच्या तुरुंग कायद्यातसुद्धा अभ्यागत नेमण्याविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारास दिलेला होता. स्वराज्यात ही कल्पना अधिक स्पष्ट झाली. २०१६ सालच्या नमुना कारागृह नियमावलीत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली अभ्यागत मंडळ सांगितले आहे. त्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्यखात्याचे व बांधकामखात्याचे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या जोडीला विधानसभेचे सभासद व समाजसेवक असे बिनसरकारी अभ्यागतही आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने तर हा विषय वारंवार हाती घेतला आहे. १९७९ साली सुनील बत्रा यांच्या प्रकरणात, तिहारमधील एका कैद्यास झालेल्या अमानुष मारहाणीविषयी दुसऱ्या कैद्याने लिहिलेले पत्र हाच अर्ज समजून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तक्रारींच्या पेट्या तुरुंगात ठेवाव्यात व त्यांचा ताबा तुरुंगाबाहेरच्या, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या, अधिकारात असावा, असे त्यांनी बजावले. डी. के. बसू प्रकरणात २०१५ साली तुरुंगांतून कॅमेरे बसविण्याविषयी व बिनसरकारी अभ्यागत नेमण्याविषयी न्यायालयाने राज्यांस सांगितले. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर निकाल देताना, तुरुंगांत कामाची वाटणी जातीवरून करणारे नियम सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने घटनाबाह्य ठरविले, आणि हा भेदभाव खरोखर थांबला की नाही हे जिल्हा विधिसेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी मिळून वेळोवेळी जाऊन पाहावे, असे फर्माविले. एकविसाव्या शतकात तुरुंगात झाडू कोणी धरावा व स्वयंपाक कोणी करावा हे जातीवरून ठरविणारे नियम पुस्तकात शिल्लक होते. ते कोणा तपासनिसाने नव्हे तर एका वार्ताहराने वेशीवर टांगले, ही गोष्ट आमच्या तपासणीच्या पद्धतीविषयी पुरेसे सांगून जाते.

पद्धत कागदावर आहे, मग अंमल किती? कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने माहितीच्या अधिकारात राज्यांकडून उत्तरे मागवून २०१६ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की, कायद्यात सांगितल्याप्रमाणे देखरेख होत असलेले तुरुंग देशात शंभरांत एकही भरत नव्हते. कोठे मंडळ नेमलेले नाही, कोठे नेमले पण बैठक नाही, कोठे बैठक झाली पण शेरा नाही, आणि कोठे शेरा आहे तर 'सर्व काही समाधानकारक' याहून अधिक त्यात काही नाही.

अशा समाधानाची किंमत काय असते हे २०१७ साली मुंबईत दिसले. २३ जून रोजी भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये ही कैदी मरण पावली. दोन अंडी व पाच पाव कमी भरले, या क्षुल्लक कारणावरून झालेल्या मारहाणीत तिचा अंत झाला, असा आरोप झाला व तुरुंगातील सहा कर्मचाऱ्यांस खुनाच्या आरोपावरून अटक झाली. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात आम्ही शिरत नाही. पण फिर्याद पुढे आली ती आतल्याच कैदी स्त्रीच्या तोंडून, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईसारखे शहर, हाकेच्या अंतरावर न्यायालये, वर्तमानपत्रे व पुढारी. तेथे ही स्थिती, तर लहानशा जिल्ह्याच्या तुरुंगातील एखाद्या मुक्या माणसासाठी कोण ओरडणार? कोठडीत माणूस मेला म्हणजे चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगास कळवावे, असा आयोगाचा १९९३ सालापासून दंडक आहे. दंडक चांगला आहे. परंतु मेल्यावर चोवीस तासांत दिल्लीस जे कळावे, त्याची पूर्वचिन्हे जिवंतपणी चोवीस दिवसांत गावास कळू नयेत काय?

आमचे वाचक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्या परिचयाचा दाखला देतो. वजने-मापे तपासणारा अधिकारी दुकानात आठ दिवस अगोदर चिठ्ठी धाडून येऊ लागला, तर बाजारात एकही खोटा काटा सापडणार नाही. पेढीच्या मुनिमानेच आपली चोपडी आपण तपासून 'बरोबर' असा शेरा मारला, तर त्या शेऱ्यावर कोणता सावकार विसंबेल? मुनीम लबाड असतो म्हणून आपण दुसऱ्याकडून हिशेब तपासून घेतो असे नव्हे. प्रामाणिक मुनिमाची अब्रूही त्या तपासणीनेच शाबूत राहते. जो नियम आपण रुपये-पैशांना लावतो, तो माणसांच्या जिवाला लावावयास इतका संकोच का वाटावा?

खऱ्या तपासणीची लक्षणे चार आहेत. तपासणारा तुरुंगखात्याचा मिंधा नसावा, हे पहिले. त्याने केव्हाही, अगोदर न कळविता, हव्या त्या बराकीत, स्वयंपाकघरात, दवाखान्यात व एकांतकोठडीत जावे, हे दुसरे. कैद्याशी त्याचे बोलणे अधिकाऱ्यांच्या कानाआड व्हावे आणि बोलणाऱ्यास मागाहून त्रास होत नाही, हे त्याने पुन्हा जाऊन पाहावे, हे तिसरे. आणि त्याने लिहिलेले शेरे तुरुंगाच्याच कपाटात न पडता लोकांसमोर यावेत व त्यांवर काय केले याचे उत्तर ठराविक मुदतीत सरकारने द्यावे, हे चौथे. ही आमची काही नवी मागणी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केलेल्या, नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत, खात्याच्या स्वतःच्या तपासणीखेरीज बाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडून तपासणी व्हावी, असे स्पष्ट म्हटले असून, अवचित भेट व कैद्याशी एकांतात भाषण हे तपासनिसाचे अधिकार म्हणून सांगितले आहेत.

इंग्लंडमध्ये ही परंपरा कशी रुजली तेही पाहण्याजोगे आहे. जॉन हॉवर्ड हा १७७३ साली बेडफर्डशायरचा शेरिफ झाला, तेव्हा त्याला असे आढळले की, निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आत खितपत पडली आहेत. खुर्चीत बसून हळहळण्याऐवजी तो घोड्यावर बसला, गावोगावचे तुरुंग त्याने स्वतः पाहिले आणि १७७७ साली त्यांची साद्यंत हकीकत छापली. आज त्या देशात प्रत्येक तुरुंगासाठी स्थानिक नागरिकांचे स्वतंत्र देखरेख मंडळ आहे. त्याचे सभासद वेतन न घेता काम करतात, वाटेल तेव्हा आत जातात व वर्षाचा अहवाल छापून प्रसिद्ध करतात. तेथील तुरुंग आदर्श झाले आहेत असे आम्ही म्हणत नाही. तेथील दोष लपून राहत नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बाहेरची माणसे आत-बाहेर करू लागली म्हणजे बंदोबस्त ढिला होईल. परंतु न्यायाधीशांच्या हाताखाली, नाव नोंदवून, ओळख पटवून जाणाऱ्या चार नागरिकांनी जो बंदोबस्त ढासळतो, तो मुळात बंदोबस्तच नव्हे. दुसरा आक्षेप असा की, यामुळे तुरुंगातील नोकरवर्गाचा अपमान होतो. आमचे मत उलट आहे. अपुऱ्या शिपायांनिशी, अपुऱ्या पगारात, शेकडो माणसांचा रात्रंदिवस सांभाळ करणाऱ्या शिपायाची अडचण आज कोणास दिसते? छप्पर गळते, दवाखान्यात डॉक्टर नाही, माणसे कमी आहेत, हे अधीक्षकाने वरिष्ठांस दहा वेळा लिहिले तरी फाइल हालत नाही; तेच न्यायाधीशांच्या मंडळाने लिहून वर्तमानपत्रात आले म्हणजे हालते. तपासणीचे भय लबाडासच असावे; प्रामाणिक अधिकाऱ्यास तो आधारच आहे.

शिवाय अभ्यागताचे काम केवळ दोष काढण्याचे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पहिल्यानेच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्यास बंधपत्रावर सोडावयाचे आहे. इतरांस हा काळ अर्धा आहे. देहान्त वा जन्मठेपेचे गुन्हे व एकाहून अधिक खटले असलेल्यांस ही सवलत नाही. हे कलम जुन्या कैद्यांसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. आता हे दिवस मोजावयाचे कोणी? निरक्षर कैद्यास कलम ठाऊक नाही, गरीब घरच्यांस वकील परवडत नाही. हाती पेन्सिल व पंचांग घेऊन बसलेला एखादा निवृत्त शिक्षक किंवा पेढीवरचा हिशेबनीस तासाभरात सांगू शकेल की, अमक्याची मुदत भरली आहे. एवढ्याने एक मनुष्य घरी जाईल व बराकीत एकाची जागा मोकळी होईल. यापरते स्वस्त पुण्य दुसरे कोणते?

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे. त्याखाली धुळ्यातील व जळगावातील नागरिकांनी एवढेच विचारावे: आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगासाठी अभ्यागत मंडळ नेमले आहे काय? त्यातील बिनसरकारी सभासद कोण? गेल्या वर्षात ते किती वेळा आत गेले, अगोदर कळवून की अवचित? त्यांनी काय लिहिले व त्यावर काय झाले? तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे? साधारण माहिती तीस दिवसांत व कोणाच्या जिवाशी वा स्वातंत्र्याशी संबंध असलेली माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन त्या कायद्यात आहे. उत्तर समाधानकारक आले तर आनंदच आहे, आणि त्याचे श्रेय मंडळास मोकळ्या मनाने द्यावे. न आले तर जिल्हा न्यायाधीशांकडे व जिल्ह्याच्या आमदारांकडे लेखी मागणी करावी. वकीलसंघ, डॉक्टरांची मंडळी, व्यापारी संघटना व शाळा-कॉलेजांतील शिक्षक यांनी आपल्यातील दोन-दोन निःस्पृह माणसांची नावे पुढे करावीत. आणि त्यांत केवळ सत्कारास हजर राहणारे नकोत, उन्हातान्हात बराकी चढणारे हवेत.

तुरुंगाची भिंत कैद्यास बाहेर येऊ न देण्यासाठी बांधलेली आहे. नागरिकाची नजर आत जाऊ नये म्हणून नव्हे. आत कोंडलेला मनुष्य आज ना उद्या सुटून आपल्याच गल्लीत, आपल्याच बाजारात परत यावयाचा आहे. तो माणूस म्हणून परत यावा की जनावर होऊन, हे आपण आज ठरवीत आहो. विनोबांच्या व साने गुरुजींच्या आठवणी सांगणाऱ्या या शहराने त्या तुरुंगाच्या दाराशी जाऊन, 'आत सर्व ठीक आहे ना? आम्हांस पाहू द्या,' असे एकदा तरी कायदेशीरपणे विचारावे, ही आमची धुळ्याच्या व देवपूरच्या नागरिकांस आग्रहाची विनंती आहे.